सौद्याचा फोन आणि पेढीचा पत्ता

भिवंडीचा यंत्रमाग, डोंबिवली एम.आय.डी.सी.तील प्रोसेस हाऊस आणि मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील गाळा, या तिन्ही ठिकाणांमधला कारोबार आज बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर चालतो. ग्रे कापडाचा मीटरचा भाव, किती तागे उतरले, रंग नमुन्याप्रमाणे आला की नाही, टेम्पो निघाला का, उधारी केव्हा सुटणार, हे सगळे बोलणे त्यावरच होते. रंगाचा नमुना तर आता व्हिडिओ कॉलवरच पास होतो. बिल येत नाही, मिनिटे मोजावी लागत नाहीत, त्यामुळे सगळे खुश आहेत. परंतु या फुकटच्या फोनमध्ये आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट पलीकडच्या माणसाकडे जाऊ शकते, आणि ती जाताना आपल्याला कोणी विचारत नाही. ती गोष्ट म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, ज्याला आय.पी. अ‍ॅड्रेस म्हणतात.

हा विषय संगणकवाल्यांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून व्यापारी बांधवांनी पान उलटू नये. ज्याच्या गोदामात माल आहे, गल्ल्यात पैसा आहे आणि ज्याच्या फोनवर दिवसाला दहा अनोळखी नंबर येतात, त्याच्याच कामाचा हा विषय आहे.

जुना फोन काय सांगत होता?

फोनवरून माणसाचा ठावठिकाणा कळणे ही गोष्ट नवी नाही. एस.टी.डी.च्या काळात ०२५१ म्हटले की कल्याण-डोंबिवली, ०२५२२ म्हटले की भिवंडी आणि ०२६१ म्हटले की सुरत, हे प्रत्येक दलालाला तोंडपाठ होते. टेलिफोन डिरेक्टरीत तर नावापुढे पत्ताच छापलेला असे. पण त्या वेळी एक गोष्ट स्वच्छ होती. आपला कोड आणि आपला पत्ता लोकांना ठाऊक आहे, हे आपल्यालाही ठाऊक होते. दुकानाच्या पाटीवर नंबर आपणच लिहीत होतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्ही.एस.एन.एल.ने सुरू केले. परदेशी बोलण्याची मक्तेदारीही त्या वेळी याच कंपनीकडे होती आणि आखातात कामाला गेलेल्या मुलाशी बोलायचे तर घरचे लोक घड्याळाकडे बघत बोलत. १ एप्रिल २००२ पासून ही मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलण्यास कायदेशीर परवानगी मिळाली. २००३ मध्ये स्काइप आले. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे सुरू झाले, २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आला आणि त्याच वर्षी जिओमुळे डेटा इतका स्वस्त झाला की कारीगर आणि हमालही इंटरनेटवरून गावी बोलू लागले. ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र या बदलात पत्ता दिसण्याची जुनी गोष्ट कायम राहिली आणि तो दिसतो आहे हे आपल्याला ठाऊक असण्याची गोष्ट तेवढी नाहीशी झाली.

हे घडते कसे?

इंटरनेटवरून दोन माणसे बोलतात तेव्हा आवाज नेण्याचे दोन रस्ते असतात. पहिला रस्ता थेट. माझा फोन आणि समोरच्याचा फोन एकमेकांना सरळ जोडले जातात. दुसरा रस्ता कंपनीच्या सर्व्हरमधून. माझा आवाज आधी कंपनीकडे जातो आणि तेथून समोरच्याकडे.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. कारखान्यातून माल थेट पार्टीच्या दारात पाठवला तर चलानावर कारखान्याचा पत्ता असतोच. त्याशिवाय माल जाणार कसा? तोच माल आडत्यामार्फत गेला तर पार्टीला फक्त आडत्याचा पत्ता दिसतो. कारखाना कुठे आहे हे तिला कळत नाही. फोनचेही तसेच आहे. थेट रस्त्याने बोललो तर समोरच्याच्या फोनला माझा आय.पी. पत्ता मिळतो आणि मला त्याचा. कंपनीच्या सर्व्हरमधून बोललो तर दोघांनाही फक्त कंपनीचा पत्ता दिसतो.

मग कंपन्या थेट रस्ता का निवडतात? कारण त्यात आवाज लवकर पोहोचतो, स्वच्छ येतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर भार पडत नाही. म्हणजे यात गिऱ्हाइकाचाही फायदा आहे आणि कंपनीचाही. तक्रार थेट रस्त्याबद्दल नाही. तक्रार न विचारता पत्ता देण्याबद्दल आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपले बोलणे कुलूपबंद असते, मग चिंता कसली, असे पुष्कळजण म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ पासून बोलणे आणि संदेश कुलूपबंद केले ही गोष्ट खरी आहे. पण कुलूप गाठोड्याला आहे, वर लिहिलेल्या पत्त्याला नाही. आत काय आहे ते मधल्या माणसाला दिसत नाही. गाठोडे कोठून आले ते मात्र घेणाऱ्याला दिसते.

पत्ता कळला तर काय होते?

भीती घालून उपयोग नाही, म्हणून जे होत नाही ते आधी सांगतो. आय.पी. पत्त्यावरून कोणाला आपले नाव, घर नंबर किंवा बँक खाते कळत नाही. ही जोडणी कोणाच्या नावावर आहे हे फक्त इंटरनेट देणाऱ्या कंपनीला ठाऊक असते आणि ती माहिती कायद्याने अधिकार असलेल्या यंत्रणेलाच मिळते. मोबाइल डेटावर तर एकाच पत्त्यामागे हजारो गिऱ्हाईक असतात, आणि भिवंडीत बसलेला माणूसही पुष्कळदा मुंबईत असल्याचे दिसते.

आता जे कळते ते पाहू. कोणत्या कंपनीचे इंटरनेट आहे, साधारण कोणते शहर आहे, मोबाइलवर आहे की ब्रॉडबँडवर, एवढे कोणालाही फुकटात काढता येते. डोंबिवली, कल्याण, भिवंडीत पुष्कळ ठिकाणी केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलेले असते. त्याचा इलाका लहान असतो, त्यामुळे अंदाज अधिक नेमका लागू शकतो. ज्यांनी हिशेबाच्या संगणकासाठी किंवा कॅमेऱ्यासाठी कायमचा ठरावीक पत्ता घेतला आहे, त्यांचा पत्ता तर एकदा कळला की महिनोन् महिने तोच राहतो.

यातून धोके तीन. पहिला ठावठिकाण्याचा. एखादा व्यापारी खरेदीला सुरतेला गेला आहे आणि रात्री हॉटेलच्या वाय-फायवरून अनोळखी माणसाशी बोलला, तर तो घरी नाही हे त्या माणसाला कळू शकते. दुसरा धोका लाइन तुंबवण्याचा. एखाद्या पत्त्यावर बाहेरून इतका फालतू भार टाकता येतो की ती जोडणीच बंद पडते. आजच्या दिवसांत इंटरनेट बंद म्हणजे बिल बंद, ई-वे बिल बंद आणि यू.पी.आय. बंद. टेम्पो भरून दारात उभा आणि कागद निघत नाही, अशी अवस्था होते.

तिसरा धोका कॅमेऱ्यांचा. गोदामातील कॅमेऱ्याचा डबा त्याच ब्रॉडबँडवर चालतो आणि बसवणाऱ्याने ठेवलेला कारखान्याचा पासवर्ड कित्येकजण वर्षानुवर्षे बदलत नाहीत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभर असेच कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले होते. ते त्याने कोणाचा पत्ता विचारून घेतले नव्हते. एकामागून एक पत्ते ठोठावत तो गेला. म्हणून पासवर्ड बदलणे हे पहिले काम, आणि पत्ता झाकणे हे त्याच्या जोडीचे.

या यादीत आपल्या घरून काम करणाऱ्या बहिणींनाही धरले पाहिजे. शिलाई, जरी, खडीकाम, पिको-फॉल अशी कामे घेणाऱ्या कित्येक बायका आता फोनवरून गिऱ्हाईक धरतात. दुकानाचा पत्ता लोकांना कळला तर बिघडत नाही, तो तर आपण पाटीवर लिहितो. परंतु ज्या बाईचे घर हेच दुकान आहे, तिने आपला इलाका कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे तिच्या मर्जीवर असले पाहिजे. नंबर बदलून बदलून त्रास देणाऱ्या माणसाच्या हाती तिच्या गावाचा सुगावा लागणे ही लहान गोष्ट नाही.

कंपन्यांना वेळ किती लागला?

ही खोट कंपन्यांना माहीत नव्हती असे नाही. स्काइपवर नुसते नाव टाकून समोरच्याचा आय.पी. पत्ता काढून देणाऱ्या सोयी उघड चालत होत्या आणि त्याचा वापर करून खेळाडू मुलांच्या लाइनी पाडल्या जात होत्या. कंपनीने पत्ता आपोआप झाकण्याची व्यवस्था केली ती जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सुरुवातीपासून १२ वर्षांहून अधिक काळाने. ते स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले.

टेलिग्रामची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. २०१८ मध्ये धीरज मिश्रा या भारतीय संशोधकाने दाखवून दिले की मोबाइलवर थेट जोडणी बंद करण्याची सोय असली, तरी संगणकावरील टेलिग्राममध्ये ती नव्हती आणि तेथून बोलताना पत्ता बाहेर जात होता. कंपनीने चूक दुरुस्त केली आणि त्याला २,००० युरो इनाम दिले. म्हणजे गोपनीयतेच्या नावावर जिची कीर्ती, तिच्याही घरात हे बारीक छिद्र होते आणि ते बाहेरच्या माणसाने शोधले.

व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलमध्ये आय.पी. पत्ता झाकण्याचे बटण दिले. बोलणे सुरू झाल्यापासून हे बटण येईपर्यंत आठ वर्षे गेली. आणि दिले तेही कसे? सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी, त्यात सर्वांत खाली अ‍ॅडव्हान्स्ड आणि त्यात ‘प्रोटेक्ट आय.पी. अ‍ॅड्रेस इन कॉल्स’. शिवाय ते मुळात बंद ठेवलेले. ज्याला या भानगडीची खबर आहे तोच तिथवर जाणार. ज्याला खबर नाही, आणि म्हणून ज्याला खरी गरज आहे, त्याचा पत्ता उघडाच राहणार.

न उचललेला फोनही धोक्याचा

फोन उचलला नाही म्हणजे आपण सुरक्षित, हाही समज आता खरा राहिलेला नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉलमधील एका खोटीचा फायदा घेऊन जगभरातील सुमारे १,४०० फोनमध्ये ‘पेगासस’ हे हेरगिरीचे साधन घालण्याचा प्रकार उघडकीस आला. फोन उचलण्याचीही गरज नव्हती. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपने तसे कळवले त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड हेही होते. ती खोट त्याच वर्षी बुजवण्यात आली. असा महागडा हल्ला कापडवाल्यावर कोणी करणार नाही, हे मान्य. पण अनोळखी कॉल ही नुसती कटकट नसून तो एक दरवाजा असतो, हे त्यातून सिद्ध झाले.

२०२३ च्या मे महिन्यात परदेशी नंबरांवरून व्हॉट्सअ‍ॅपचे मिस्ड कॉल देशभर सुरू झाले, ते पुष्कळांना आठवत असतील. त्याच वर्षी जूनमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आली. ती चालू केली की ज्याचा नंबर आपल्याकडे नोंदलेला नाही त्याच्या कॉलची घंटी वाजत नाही. यादीत मात्र कॉल दिसतो.

व्यापाऱ्याची अडचण येथेच आहे. अनोळखी नंबर म्हणजे कदाचित नवीन गिऱ्हाईक! इचलकरंजीहून किंवा मालेगावहून कोणी पार्टी भाव विचारत असेल, तर तिचा फोन गप्प करून कसे चालेल? म्हणून माझे मत असे की, दुकानाच्या नंबरवर पत्ता झाकण्याचे बटण चालू ठेवावे आणि अनोळखी कॉल येऊ द्यावेत. घरच्या नंबरवर, विशेषतः बायकामुलांच्या फोनवर, दोन्ही सोयी चालू ठेवाव्यात. याचाच अर्थ दुकानाचा आणि घरचा नंबर वेगळा हवा. टेलिग्राम वापरणाऱ्यांनी कॉलच्या सेटिंगमध्ये ‘पीअर टू पीअर’ पुढे ‘नोबडी’ निवडावे. सिग्नलवर अनोळखी माणसाचा कॉल मुळातच सर्व्हरमधून जातो. ओळखीच्यांचाही तसाच न्यायचा असेल तर ‘ऑल्वेज रिले कॉल्स’ हे बटण आहे. पाच मिनिटांचे काम आहे. स्वतः जमत नसेल तर पोराला सांगावे.

कॉल सर्व्हरमधून गेला की आवाजात थोडा फरक पडू शकतो, असे कंपनी स्वतः सांगते. आमच्या पेढीवर हे बटण चालू आहे. एखाद्या वेळी आवाज किंचित मागे राहतो, पण भाव ऐकू येत नाही असे कधी झाले नाही. बोलणे पूर्वीसारखेच कुलूपबंद राहते. आणि ज्या कॉलमध्ये तीन-चार माणसे असतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर तसाही सर्व्हरमधूनच जातो. अशा कॉलवर पार्टी, दलाल आणि प्रोसेसवाला बोलतातच, सौदेही होतात.

पत्ता झाकणे म्हणजे लपवाछपवी नव्हे

काहीजण विचारतील, ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे त्याने पत्ता का झाकावा? उलट ठगांना याचा फायदा होईल. शंका रास्त आहे, म्हणून उत्तर नीट समजून घ्यावे. हे बटण आपला पत्ता समोरच्या माणसापासून झाकते. कंपनीपासून आणि कायद्यापासून नाही. कॉल कंपनीच्या सर्व्हरमधून जातो म्हणजे दोन्ही बाजूंचे पत्ते कंपनीला दिसतातच. पोलिसांना रीतसर मार्गाने माहिती मागता येते आणि इंटरनेट कंपन्यांवर नोंदी जपून ठेवण्याचे बंधन आहे. दुकानदार गल्ल्याला कुलूप लावतो, म्हणून तो आयकर चुकवतो असे कोणी म्हणत नाही.

खरी लपवाछपवी वेगळी असते आणि ती आपल्या परिसरानेही पाहिली आहे. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल सिमबॉक्स नावाच्या यंत्रातून काढून तो साधा लोकल नंबर असल्याचे भासवणारे बेकायदा एक्स्चेंज भिवंडीतही पकडले गेले आहेत. त्यात सरकारचा महसूल बुडतो आणि फोन करणारा कोण हे पोलिसांनाही कळत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अशी सेवा चालवणे शिक्षापात्र आहे. जादा भाडे मिळते म्हणून चौकशी न करता खोली देणाऱ्या आणि थोड्या पैशांसाठी आपल्या नावाचे सिम दुसऱ्याला देणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे ओळख खोटी केली जाते. आपण मात्र खऱ्या नंबरावरून, खऱ्या नावाने बोलतो आणि फक्त इंटरनेटचा पत्ता परक्याला देत नाही.

आखातात ज्यांची मुले आहेत त्यांच्यासाठी एक खुलासा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर अनेक वर्षे निर्बंध राहिले आहेत. त्यातून सुटण्यासाठी व्ही.पी.एन. लावणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती तिथल्या कायद्यात अडकवू शकते. पत्ता झाकण्याचे बटण म्हणजे व्ही.पी.एन. नव्हे. मुलांना दोहोंतील फरक समजावून सांगावा.

मागणी काय असावी?

प्रत्येकाने आपापल्या फोनचे बटण दाबले म्हणजे प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. जी वस्तू गिऱ्हाइकाच्या हिताची आहे ती गिऱ्हाइकाने शोधून काढावी, हा उलटा न्याय झाला. माप पूर्ण मागणाऱ्यालाच पूर्ण मीटर द्यायचा आणि बाकीच्यांना आखूड, असे कोणी दुकानदार म्हणाला तर बाजार त्याला उभा करणार नाही. म्हणून निदान अनोळखी माणसाशी होणारा प्रत्येक कॉल मुळातच सर्व्हरमधून गेला पाहिजे. ज्याला थेट रस्ता हवा त्याने तो आपल्या मर्जीने निवडावा. सिग्नलला हे जमते तर कोट्यवधी भारतीय गिऱ्हाईक असलेल्या कंपनीला न जमण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी भाषेची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्यात एक कलम आपल्या फार कामाचे आहे. माणसाची माहिती घेताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा त्याला असली पाहिजे. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. माझ्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले, मराठीत व्यवहार करणारे आणि इंग्रजी जेमतेम वाचणारे लोक या पट्ट्यात हजारोंनी आहेत. त्यांना ‘प्रोटेक्ट आय.पी. अ‍ॅड्रेस’ या शब्दांवरून काय बोध होणार? ‘तुमचे इंटरनेट कोठून चालते हे समोरच्याला कळू द्यायचे का?’ असा सरळ प्रश्न मराठीत आणि उर्दूत विचारा, मग पाहा किती लोक होय म्हणतात.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. यंत्रमागधारकांच्या, कापड दलालांच्या आणि कारीगरांच्या संघटना जी.एस.टी.वर सभा घेतात, वीजदरावर मोर्चे काढतात. वर्षातून एखादी बैठक फोनच्या सुरक्षेवर घ्यावी. प्रत्येकाने तिथेच बसून दोन बटणे दाबावीत, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलावा आणि सायबर फसवणुकीचा १९३० हा मदत क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेले तर पहिल्या तासाला किंमत असते. आणि आपल्याकडे ज्या पार्टीचे, कारीगराचे किंवा घरून काम करणाऱ्या बाईचे नंबर आहेत ते विचारल्याशिवाय पुढे देऊ नयेत. कंपनीकडून जो शिष्टाचार आपण मागतो तो आपणही पाळला पाहिजे, कारण दुसऱ्याचा नंबर ही आपल्याकडची अमानत आहे.

भाव सांगणे हा आपला धंदा आहे आणि त्यासाठी अनोळखी माणसाशी बोलावेच लागते. पत्ता मात्र सौदा ठरल्यावर द्यायची गोष्ट आहे, आणि ती देणारा मालक असला पाहिजे, फोनची कंपनी नव्हे.